जमिनीतली ओल, माणसातली ओल
(धामणकर नाका, भिवंडी येथील बैठकीतील भाषण)



आपल्या कापसाचे सूत होते आणि ते या भिवंडीच्या यंत्रमागांवर येते. पीक बुडाले की माणसेही त्याच वाटेने येतात. इथे बारा-बारा तासांची पाळी आहे, एका खोलीत आळीपाळीने झोपणे आहे. पण खाणावळीत, जिला इथे भिशी म्हणतात, एखादा दोन वेळा जेवायला आला नाही तर कोणीतरी विचारते. आणि आपल्या गावात? चार पिढ्यांचा शेजारी चार दिवस पारावर दिसला नाही, तर आपण विचारतो का?

ताण कशाने येतो हे तुम्हाला शिकवायला नको. पावसाचा खंड, बोंडअळी, पडलेला भाव, बँकेची नोटीस. पण तेवढ्याच कर्जात एक उभा राहतो आणि दुसरा खचतो. दुसरा भित्रा असतो काय? मुळीच नाही. पावसाचा खंड दोन्ही शेतांना सारखाच असतो. भारी काळ्या जमिनीतली ज्वारी तग धरते, मुरमाड माळावरची वाळते. दोष बियाण्याचा नाही, खाली ओल किती त्याचा आहे. माणसाची ओल म्हणजे त्याची माणसे.

हे आम्ही पदरचे सांगत नाही. लंडनच्या कँबरवेल भागातील बायकांचा अभ्यास जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला. संकट कोसळले तरी जिला मनातले बोलायला हक्काचे माणूस होते, तिला नैराश्याचा आजार कमी जडला.

कर्ज नेमकी हीच ओल आटवते. देणे थकले की माणूस बाजार टाळतो, लग्नाला जात नाही, घरात गप्प बसतो. सोबतीची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच तो एकटा पडतो.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. त्यात गावपातळीवरचे कार्यकर्ते शिकवून तयार केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार-मदत घेणारे आधी शेकडा ४ होते. दीड वर्षानंतरच्या पाहणीत ते शेकडा २७ निघाले. ही आकडेवारी २०१७ साली प्रसिद्ध झाली.

पाठीवर हात ठेवल्याने कर्ज फिटत नाही, हे आम्हालाही कळते. भावाची लढाई चालूच राहील. पण लढायला माणूस जिवंत पाहिजे.

म्हणून प्रत्येक गावातून दोन पुरुष आणि दोन बायका पुढे याव्यात. जो दिसेनासा झाला त्याच्या घरी जा. उपदेश करू नका, ऐका. घरच्या बाईलाही विचारा. तिच्या वाट्याचे ओझे कोणी मोजत नाही. शंका आली तर सरळ विचारा, "जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध त्याच्या घरातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवा आणि त्याला सरकारी दवाखान्यात न्या. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येते.

पुढच्या जिल्हा बैठकीला पिकाचे आकडे आणालच. त्यासोबत एवढेही सांगा, की किती घरांत जाऊन बसलात.