अंड्यातच अळीचा बंदोबस्त

गांधीलमाशी म्हटलं की आपण पदर सावरून पळतो. पण तिच्याच जातकुळीतली ट्रायकोग्रामा मोहरीहून बारीक, माणसाला डसत नाही. बोंडअळीच्या पतंगानं घातलेल्या अंड्यात ती आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू ते अंडं आतून खातं. अंडं काळं पडतं आणि ८-१० दिवसांत अळीऐवजी नवी माशी बाहेर येते.

या माश्यांचं ट्रायकोकार्ड मिळतं. कपाशीत पतंग दिसू लागताच लावा; अळी बोंडात शिरल्यावर उपयोग नाही. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा. मागेपुढे आठवडाभर विषारी फवारणी नको, नाहीतर आधी मरेल ती आपली राखणदारीण. पंप पाठीवर चढण्याआधी घरात हे जरूर सांगा.