१९२३ : लाख कोटींच्या नोटा आणि विहिरीतलं 'विष'

एका भागात एक वर्ष, असं आपलं चाललंय. आज १९२३. पहिलं महायुद्ध संपून पाच वर्षं होत आली होती, पण या वर्षाच्या गोष्टी ऐकल्या की वाटतं, संपलं कुठे होतं?

सुरुवात जर्मनीपासून. युद्धाची नुकसानभरपाई ठरल्याप्रमाणे मिळत नाही म्हणून ११ जानेवारीला फ्रान्स आणि बेल्जियमचं सैन्य रुहर खोऱ्यात घुसलं. जर्मनीचा कोळसा, पोलाद मुख्यतः तिथलं. सरकार कामगारांना म्हणालं, काम बंद ठेवा, पगार आम्ही देतो. पण तिजोरी रिकामी! मग काय, छापा नोटा. आधीच घसरलेला मार्क पार गडगडला. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क. हो, लाख कोटी. आपण हा शब्द बजेटच्या बातम्यांत ऐकतो. तिथे साध्या पावालाही हजारो कोटी मोजावे लागत होते. पगार हातात पडला की लोक आधी दुकान गाठायचे, कारण संध्याकाळी भाव वेगळा.

कर्जदारांची चांदी झाली. पण ज्यांनी जन्मभर बँकेत पैसे साठवले, सरकारी रोखे घेतले, ते बुडाले. नोटांच्या गड्ड्यांशी खेळणाऱ्या मुलांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्या फोटोंत म्हातारी माणसं दिसत नाहीत.

आता जपान. १ सप्टेंबर, शनिवार, ११ वाजून ५८ मिनिटं. जेवणाची वेळ, चुली पेटलेल्या, घरं लाकडी, वारा जोरात. भूकंपाने टोकियो-योकोहामा हादरलं आणि मग आगी लागल्या. सुमारे १ लाख ५ हजार माणसं गेली. होन्जो भागात एका मोकळ्या मैदानात लोक सामानसुमान घेऊन आसऱ्याला जमले होते. आगीची वावटळ आली आणि त्या एका ठिकाणी ३८ हजारांच्या आसपास मेले.

आणि मग अफवा उठली. कोरियन लोक विहिरींत विष टाकतायत, आगी लावतायत! कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि कितीतरी कोरियन मजूर कामासाठी जपानमध्ये आले होते. तारा तुटलेल्या, छापखाने जळलेले, तरी अफवा पळाली. फॉरवर्डचं बटण नव्हतं बरं का! पोलिसांनीच ती पुढे पाठवली, काही वर्तमानपत्रांनी छापली. गल्लोगल्ली लोक बांबूचे भाले, तलवारी घेऊन नाके लावून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायला लावायचे, 'पंधरा येन पन्नास सेन'. जपानी उच्चार अडखळला की संपलं. हजारो कोरियन मारले गेले. शेकडो चिनी, आणि बोली वेगळी वाटली म्हणून काही जपानीसुद्धा.

योकोहामाजवळच्या त्सुरुमी पोलीस ठाण्यात ओकावा त्सुनेकिची नावाचे प्रमुख होते. त्यांनी सुमारे ३०० कोरियनांना ठाण्यात आसरा दिला. बाहेर जमाव. असं सांगतात, की ते म्हणाले, आणा ते विषारी पाणी, आणि सगळ्यांसमोर प्यायले. या वर्षातलं मला एकच नाव लक्षात ठेवायला सांगितलं, तर मी हे ठेवीन.

तुर्कस्तानही याच वर्षी, २९ ऑक्टोबरला, प्रजासत्ताक झालं. त्यावर वेगळा भाग करू.

परत जर्मनी, ८ नोव्हेंबरची रात्र. म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये सभा चालू होती. तिथे एक माणूस शिरला, छताकडे गोळी झाडली आणि क्रांती झाल्याचं जाहीर करून टाकलं. दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला, पोलिसांशी गोळीबार झाला, चार पोलीस आणि बंडवाल्यांपैकी पंधराएक मेले. बंड फसलं. आठवडाभरात नवं चलन आलं, भाव स्थिरावले. त्या माणसाला पाच वर्षांची शिक्षा झाली, पण डिसेंबर १९२४ मध्ये तो सुटलासुद्धा. नाव सांगायला नकोच ना?

पुढच्या भागात १९२४. भेटू!