एजन्सीची बाई, कोणाची बाई?

आमच्या केंद्रावर एक बदली ड्रायव्हर आली होती. एजन्सीचा सकाळी फोन येतो, आज अमुक कंपनीची गाडी. मागे बसलेल्या साहेबाने तिच्या अंगाला हात लावला. कंपनी म्हणाली, ही आमची कामगार नाही. एजन्सी म्हणाली, आमच्याकडे काही घडलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून फोनच बंद! काढून टाकलं असंही कोणी म्हणत नाही.

2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात एजंटमार्फत आलेली तात्पुरती बाईही कर्मचारीच आहे. कंपनीच्या समितीकडे तिला जाता येतं. खरं सांगते, हे कलम आम्हालाही शोधावं लागलं. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत. ती आली तेव्हा अकरा दिवस उरले होते. अर्ज त्याच रात्री बसून लिहिला.