बहात्तरचा दुष्काळ आणि पॅसिफिकचं पाणी

गुरुजनहो आणि १९७८ च्या दहावीतल्या मित्र-मैत्रिणींनो,

नोकरीभर मी समुद्राच्या तापमानाचे आकडे वाचत आलो, तेव्हा बोलणार समुद्रावरच. पण सुरुवात मिलोच्या भाकरीपासून करतो. १९७२ साली आपण पाचवीत होतो. तो लाल मिलो, शाळेतली सुकडी आणि खडी फोडायला जाणारे आईवडील आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही.

त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाचे मासेमार रिकामी जाळी घेऊन परतत होते. १९७० मध्ये तिथे अँकोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीच्या नात्यातला मासा, एक कोटी टनांहून जास्त निघाला होता. १९७३ मध्ये जेमतेम वीस लाख टन. मासेमारीचा अतिरेक हे एक कारण. दुसरं कारण, ज्यानं आपला पाऊस तोडायलाही हातभार लावला, ते एल निनो.

एरवी विषुववृत्ताजवळचे व्यापारी वारे पॅसिफिकचं उबदार पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे लोटत असतात. इतकं, की तिथली समुद्रपातळी पेरूकडच्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. पेरूच्या किनाऱ्याला मग खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि त्यावर मासे पोसतात. वारे मंदावले की साठलेलं उबदार पाणी पूर्वेकडे परत सरकतं. ढगही त्याच्यामागे जातात. आपल्या बाजूला हवा वर चढण्याऐवजी खाली उतरू लागते आणि मान्सूनचा जोर ओसरतो.

पण एल निनो म्हणजे दुष्काळ पडलाच, असं टीव्हीवर सांगतात ते मला पटत नाही. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक. तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागर आफ्रिकेच्या बाजूला तापला होता, इंडोनेशियाच्या बाजूला निवला होता, आणि त्यानं मान्सूनला हात दिला. उलट २००२ चा एल निनो मध्यमच, पण पाऊस सरासरीच्या ८१ टक्के!

मे महिन्यात गावाकडून पुतण्याचा फोन येतो, "काका, एल निनो आहे म्हणतात. पेरू की नको?" मी म्हणतो, पेरूकडे बघून पेरायचं ठरवू नकोस बाबा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल जाऊ दे. पहिल्या सरीवर टाकलेलं बियाणं करपलं तर दुबार पेरणीला पैसा कुठून आणशील? आणि सगळं रान सोयाबीनखाली घालू नकोस, मध्ये तुरीच्या ओळी घे.

यंदा त्यानं जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिफण बाहेर काढली नव्हती.