ग्रुपवर मूल कुठे आहे?



स्वागत समितीच्या आणि समस्त नागपूरकरांच्या वतीने आपलं मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाचं खरं काम भाषणाआधीच संपलेलं असतं. कोणाची गाडी उशिरा आली, धानोऱ्याहून रात्रीच्या बसने निघालेल्या बाईंची उतरण्याची सोय झाली की नाही, सकाळचे तर्री-पोहे सगळ्यांना पुरले का, यातच आमचा जीव अडकलेला. तर्री ज्यांना झोंबली त्यांनी ते मनातच ठेवावं. नागपुरात ती तक्रार कोणी ऐकून घेत नाही.

वर्गात काय चाललं आहे ते ऑनलाइन माध्यमांतून घरापर्यंत पोहोचवायचं आणि त्यातून शिक्षक, पालक, विद्यार्थी या तिघांचं बोलणं वाढवायचं, असा आपल्या या परिषदेचा दोन दिवसांचा विषय. मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे या विषयावर माझी काही मतं आहेत, आणि स्वागताच्या निमित्ताने ती मांडून घेणार आहे. पण त्याआधी याच शहरातली एक गोष्ट सांगते.

2020 सालचा जून आठवा. विदर्भात उन्हामुळे शाळा तशाही महिनाअखेरीलाच उघडतात. त्या जूनमध्ये उघडल्याच नाहीत. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं राज्याने ठरवलं. लिंक आल्या, व्हिडिओ आले, नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्वाध्याय’ हा उपक्रम आला. पण फोन किती घरांत होते? ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भारतात घरी स्मार्टफोन असलेली मुलं 2018 मध्ये 36.5 टक्के होती, ती 2020 मध्ये 61.8 टक्के झाली. वाढ मोठीच आहे. तरी दर पाचांतली जवळपास दोन मुलं उरतातच. त्या मुलांसाठी नागपूरचं विभागीय आयुक्त कार्यालय, जिल्हा परिषदा, ‘प्रथम’ ही संस्था आणि आपलं आकाशवाणी केंद्र एकत्र आले आणि रेडिओवर ‘शाळेबाहेरची शाळा’ भरू लागली. 1948 पासून या भागात शेतीच्या सल्ल्यापासून कीर्तनापर्यंत सगळं ऐकवणारं हे केंद्र. ते गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतच्या मुलांना घरातल्या डाळ-तांदळावर, कपड्यांच्या घड्यांवर गणित करायला सांगू लागलं. मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. या कार्यक्रमात मुलं बोलायची, पालकही बोलायचे. कुठल्या तरी गावातली चौथीतली पोरगी आपण काय केलं ते सांगायची, आणि ते अख्खा विभाग ऐकायचा.

आता गंमत बघा. रेडिओ हे एका बाजूने बोलणारं माध्यम. आपण त्याच्यातून मुलांचा आणि मायबापांचा आवाज बाहेर काढला. हातातला फोन दोन्ही बाजूंनी बोलणारा. त्याच्यावर आपण वर्गाचा ग्रुप काढला आणि सेटिंगमध्ये जाऊन ठरवलं, की फक्त अ‍ॅडमिन लिहितील. उद्या गणवेशात यावे. आधार कार्डाची झेरॉक्स आणावी. शनिवारी सकाळची शाळा. दवंडी पिटणाऱ्याला निदान गावातून चालावं तरी लागायचं! यावर पालकांकडून येतात ते जोडलेले हात आणि वर केलेला अंगठा, आणि आपण अहवालात लिहितो, ‘पालकांचा उत्तम प्रतिसाद.’

ग्रुप बंद का करावा लागतो, हे मला ठाऊक आहे. सुविचार, निवडणूक, हरवलेल्या मुलाचा पाच वर्षांपूर्वीचा फोटो, आणि रात्री साडेअकराला ‘मॅडम, उद्या डबा आणायचा का?’ शिक्षक वैतागणार नाही तर काय करणार. त्यातच सरल आणि यू-डायस या पोर्टलांवर भरायची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, कार्यक्रम झाला की त्याचा फोटो, फोटो झाला की त्याची लिंक. ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत शिक्षक रस्त्यावर आले ते उगाच नाही. तेव्हा वर्ग पालकांसमोर उघडा करायचा म्हणजे शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक अ‍ॅप ठेवायचं, असा अर्थ या परिषदेतून निघाला तर स्वागत समितीने केलेला मांडवखर्च वाया गेला असं मी समजेन.

मग काय करायचं? कायदा आपल्याला वाटतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाने पालकांच्या नियमित बैठका घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती त्यांना सांगावी, हे कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. प्रत्यक्षात काय होतं? बैठक अकरा वाजता. अकरा वाजता बुटीबोरीच्या कारखान्यात कामावर असलेला बाप येत नाही. रोवणीच्या दिवसांत भंडाऱ्याची आई येत नाही, वेचणीच्या दिवसांत वर्ध्याची येत नाही. मग आपण म्हणतो, पालक उदासीन आहेत. ते उदासीन नसतात, ते कामावर असतात. ऑनलाइन माध्यमाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. बैठकीच्या वेळेची अडचण तेवढी दूर होते.

पण फोन कोणाचा आणि तो घरी कधी असतो, हे आधी विचारा. बऱ्याच घरांत एकच फोन असतो. तो बापाच्या खिशात कामावर जातो आणि रात्री आठला परत येतो. दुपारी टाकलेला व्हिडिओ तोपर्यंत चाळीस संदेशांखाली गाडला गेलेला. नेटपॅक संपला असेल तर तोही उघडत नाही. म्हणून वीस मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा चाळीस सेकंदांचा आवाज पाठवा. आज आम्ही पानं गोळा करून त्यांच्या कडा मोजल्या, तुमच्या घराजवळ कोणती झाडं आहेत ते मुलाला विचारा, एवढंच. आवाजाचा आणखी एक फायदा असतो. आपल्या मुलांच्या घरात झाडीबोली आहे, वऱ्हाडी आहे, गोंडी आहे, माडिया आहे, छत्तीसगढी आहे, आणि नागपुरात हिंदी तर आहेच. ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की’ हे वाचून ज्या आईची बोटं थांबतात, ती बोलायला लागली की थांबत नाही. ‘बाई, पोरगं दोन दिवसांपासून काहून गप गप हाय?’ असा आवाज आला, तर माझ्या मते त्या ग्रुपने वर्षभराचं काम केलं.

वर्ग लोकांच्या नजरेसमोर न्यायचा, हे महाराष्ट्राला काही नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केलं आणि नंतर त्या कोसबाडला गेल्या. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा पाड्यांवर, अंगणांत गेली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणावर गेली. तिथे आईला वर्ग बघायला वेगळं बोलावणं लागत नव्हतं. आपल्या काळात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले आणि फोनच्या पडद्यावरून देशोदेशींच्या वर्गांना एकमेकांशी बोलायला लावलं. 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटली. माध्यम वेगळं, काळ वेगळा, पण दोन्हीकडे मूल मध्यभागी आहे. आपल्या ग्रुपवर मी बघते तेव्हा शिक्षक असतो, पालक असतो, आणि मूल नुसतं फोटोत असतं. बहुतेक वेळा रांगेत उभं, हातात फलक धरून.

फोटोवरून आठवलं, ग्रुपवर काय टाकू नये ते जरा रागानेच सांगते. चाचणीचे गुण सगळ्या ग्रुपवर टाकू नका. ज्याला वीसपैकी तीन मिळाले त्याचा काकाही तो ग्रुप बघतो, शेजारीही बघतो. चांगल्याचं कौतुक चारचौघांत, कमी पडलेल्याचं बोलणं एकट्याशी, हे आपण कागदी वहीच्या काळात पाळत होतो. मुलांना नाचवून त्याचे रील शाळेच्या नावाने सगळ्या जगापुढे टाकणं हेही मला मान्य नाही, त्याला लाखभर लोकांनी बघितलं तरीही. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीचं तत्त्व घातलं आहे. त्यातले बारकावे दुपारच्या सत्रात वकील मंडळी सांगतील. पण पालकांना विचारताना मुलालाही विचारा: तुझं हे चित्र दाखवू का? आठ वर्षांचं मूल ‘नको’ म्हणतं तेव्हा त्याला कारण असतं.

शिक्षकांसाठी माझी एकच मागणी आहे, आणि ती पालकांकडे आहे. संध्याकाळी सातनंतर शिक्षकाकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. ज्याचा फोन रात्री आठला घरी येतो त्याने संदेश जरूर ठेवावा, उत्तर सकाळी येईल. ही वेळ कोणी वरून आदेश काढून ठरवू नये. जूनमधल्या पहिल्या पालकसभेत शिक्षक, पालक आणि विद्यार्थी या तिघांनी मिळून ठरवावी आणि फळ्यावर लिहावी.

आता व्यवस्थेचं थोडं. जेवण तळमजल्यावर, एक ते दोन. फोन चार्ज करायची सोय मागच्या भिंतीशी आहे. गटचर्चा उद्या सकाळी होतील आणि प्रत्येक गटात किमान दोन पालक बसतील, नुसत्या शिक्षकांचा गट आम्ही केलेला नाही. कार्यक्रमपत्रिकेत एक बदल आहे, तो उद्घाटकांनी मोठ्या मनाने मान्य केला. त्यांच्या भाषणाआधी या पुढच्या रांगांतली मुलं प्रश्न विचारणार आहेत. प्रश्न त्यांनीच लिहिले आहेत आणि आम्ही त्यातलं शुद्धलेखनसुद्धा सुधारलेलं नाही. पहिला प्रश्न सातवीतल्या विद्यार्थिनीचा आहे आणि तो पालकांसाठी आहे. उत्तर द्यायला सभागृहात डाव्या आणि उजव्या हाताला माइक ठेवले आहेत. पालकांनी कृपया उठून तिकडे यावं.