खुर्चीची मुदत कोणी ठरवावी?



कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागावी? अमेरिकेच्या घटनाकारांनी १७८७ सालीच या प्रश्नाची तरतूद करून ठेवली. तिकडेच आज आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

अमेरिकेच्या अध्यक्षास दोनदाच निवडून येता येते. हे बंधन १९५१ साली बाविसाव्या दुरुस्तीने आले. काँग्रेसच्या सभासदांस मात्र असे बंधन नाही. तेवीस राज्यांनी आपापल्या प्रतिनिधींपुरते ते घातले होते. पण १९९५ साली आर्कान्सॉच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाचविरुद्ध चार मतांनी ते रद्द ठरविले. घटनादुरुस्तीवाचून हे होणे नाही, असा त्या निकालाचा इत्यर्थ. त्याच वर्षी प्रतिनिधिगृहात अशा दुरुस्तीस २२७ मते अनुकूल व २०४ प्रतिकूल पडली. दोन-तृतीयांशांचा आकडा गाठला गेला नाही.

म्हणून काही राज्ये घटनेच्या पाचव्या कलमाचे दुसरे दार ठोठावीत आहेत. पन्नासांपैकी ३४ राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली, की काँग्रेसने दुरुस्तीसाठी परिषद बोलाविलीच पाहिजे. तेथील ठरावास पुढे ३८ राज्यांची मान्यता लागते. फ्लॉरिडाने २०१६ साली आणि अलाबामाने २०१८ साली केवळ याच विषयासाठी मागणी केली. आपल्या घटनेत असे दार नाही. ३६८ व्या कलमान्वये दुरुस्तीचा आरंभ संसदेतच होतो.

अशी परिषद आजवर एकदाही भरलेली नाही हे खरे. तथापि, सिनेटर थेट मतदारांनी निवडावेत ही राज्यांची मागणी वाढत गेली, तेव्हा काँग्रेसनेच १९१२ साली दुरुस्ती मांडली व १९१३ साली ती अमलात आली. दार न उघडताही त्याचा धाक कामी येतो, तो असा.

नको असलेला सभासद मतदारांनी पाडावा, कायद्याने त्याला घरी का बसवावे, हा आक्षेप वजनदार आहे. अनुभवी माणसे गेली, तर नवख्यांवर कायम नोकरशाही व हितसंबंधी मंडळी स्वार होतील, ही भीतीही निराधार नव्हे. परंतु काँग्रेसच्या समित्यांत ज्येष्ठतेला मोठे वजन असते. जुना सभासद बदलणारे राज्य एकटेच दुबळे ठरते. म्हणून एकेकटा मतदारसंघ कचरतो. बंधन सर्वांना एकाच वेळी लागू झाले, तरच ही अडचण सुटते.

मुदत किती असावी, यावर मतभेद राहोत. ती ठरविण्याचा अंतिम अधिकार मात्र खुर्चीवर बसलेल्याचा नसून त्याला बसविणाऱ्यांचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.