पाहणारा कोण?

पूर्वरंग

नमनाच्या वेळी आत्ता आपण सगळ्यांनी मिळून पांडुरंगाला सावळा म्हणून हाक मारली. श्रोतेहो, एक विचारू? सावळा म्हणजे नेमका कोणता रंग? काळा म्हणावं तर काळा नव्हे, निळा म्हणावं तर निळाही नव्हे. पोरांच्या रंगपेटीत सावळ्या रंगाची वडी मिळत नाही. आणि तरी इथल्या एकाही आजीने विचारलं नाही, की बुवा, सावळा म्हणजे कसला हो? सगळ्यांना तो दिसतो. मग तो रंग राहतो कुठे? मूर्तीच्या पाषाणात, आपल्या डोळ्यात, की आणखी आत कुठे? आजचा विषय एवढाच. पाहणारा कोण?

लांब नको जायला. आपल्या भगवतीच्या किल्ल्याच्या एका अंगाला मांडवी. तिकडच्या पाण्याला आपण काळा समुद्र म्हणतो. दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. नवखा पाहुणा विचारतो, तिकडचं पाणी काळं आहे का हो? अहो, ओंजळीत घेऊन बघा, दोन्हीकडचं पाणी सारखंच! एकीकडे वाळू काळी, दुसरीकडे पांढरी. रंग वाळूचा आणि नाव समुद्राला! (श्रोत्यांत हशा) हसलात ना? आपण माणसांचंही असंच करतो. संगत कुणाची ते बघतो आणि माणसाला रंग लावून मोकळे होतो.

बरं, वाळूचा रंग तरी वाळूचा आहे का? सूर्याच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग एकत्र असतात. जास्वंदीचं फूल त्यातला तांबडा उजेड परत पाठवतं, बाकीचा बराचसा गिळून टाकतं. तो परत आलेला उजेड डोळ्याच्या बाहुलीतून आत शिरतो आणि मागच्या पडद्यावर पडतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात. तिथे भगवंताने दोन प्रकारचे पहारेकरी बसवलेत. दांडीच्या आकाराच्या सुमारे १२ कोटी पेशी आणि शंकूच्या आकाराच्या सुमारे ६० लाख. शंकूंच्या तीन जाती. प्रत्येक जात उजेडाच्या वेगवेगळ्या लहरींना जास्त जागी होते. हे तिघे आपापली साक्ष वर पाठवतात आणि मेंदू त्या तिघांची तुलना करून निवाडा देतो, की हे तांबडं. निवाडा होईपर्यंत फक्त उजेड होता. तांबडेपणा निवाड्यानंतरचा.

पटत नाही? दिवेलागणीला अंगणात उभं राहून जास्वंदीकडे बघा. दुपारी जी लालभडक होती ती सगळ्यात आधी काळवंडते, आणि तिची हिरवी पानं मात्र त्या मानाने उजळ वाटतात. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने हे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी टिपून ठेवलंय. फूल तेच, झाड तेच. मग बदललं काय? पहारा बदलला! उजेड कमी झाला तसे शंकू निजले आणि दांड्या जाग्या झाल्या. दांडीला मंद उजेडही कळतो, पण रंग कळत नाही, आणि तांबड्या उजेडाचा तर तिला पत्ताच नसतो. म्हणून चांदण्यात सगळं अंगण राखाडी दिसतं.

आता एक गंमत करू. सगळ्यांनी दोन्ही हात समोर ताठ धरा. मुठी मिटा, अंगठे वर, एकमेकांना लागून. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याच्या नखाकडे बघत राहा. नजर हलवायची नाही हं! आता उजवा हात सावकाश उजवीकडे सरकवा. वीतभर अंतराच्या जरा अलीकडे लक्ष ठेवा. (श्रोते करून बघतात) गेलं की नाही उजव्या अंगठ्याचं टोक? आणखी सरकवा, परत आलं! ज्यांचं गेलं नाही त्यांनी नजर हलवली. घरी जाऊन करा.

हे का होतं? पडद्यावरची सगळी खबर सुमारे १० लाख बारीक तंतूंच्या एका जुडीतून मेंदूकडे जाते, थेट डोक्याच्या मागच्या बाजूला. ती जुडी डोळ्यातून जिथे बाहेर पडते, तिथे एकही पेशी नाही. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात एक जागा आंधळी आहे. जन्मापासून! पण तुम्हाला कधी जगाला भोक पडलेलं दिसलं का? नाही दिसलं. कारण ती रिकामी जागा मन भरून काढतं. कशाने भरतं? आजूबाजूला जे असेल त्याने. अंगठ्यामागे भिंत असेल तर भिंतीने, मांडवाचं कापड असेल तर कापडाने. आणि विचारत नाही हो आपल्याला! भरून टाकतं आणि सांगतं, बघ, हे खरं.

आता सांगा, बांधाच्या भांडणात आपण छातीवर हात मारून म्हणतो, 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!' अरे, डोळ्याने किती पाहिलं आणि मनाने किती भरलं, ते तुला तरी ठाऊक आहे का? सख्खा भाऊ दहा वर्षं बोलत नाही, आणि कारण काय? 'त्याच्या नजरेत मी पाहिलं.' त्याच्या नजरेत काही नव्हतं रे. जागा रिकामी होती. तू आजूबाजूच्या कुजबुजीने ती भरलीस.

आपल्या दृग्दृश्यविवेकात हाच विचार पायरीने सांगितलाय. रूप दिसतं, डोळा ते पाहतो. पण डोळा अधू झाला की ते मनाला कळतं, म्हणजे मन डोळ्याला पाहतं. मन आज प्रसन्न आहे, आज खिन्न आहे, हेही कुणाला तरी कळतं. तो मनाला पाहणारा साक्षी. त्याला पाहणारा मात्र दुसरा कुणी नाही. म्हणा, विठ्ठल विठ्ठल! (गजर)

उत्तररंग

नुसता डोळा उघडला म्हणजे दिसतं का? १६८८ साली मॉलिन्यू नावाच्या गृहस्थाने तत्त्वज्ञ लॉकला एक प्रश्न लिहून पाठवला. जन्मांध माणसाला स्पर्शाने चेंडू कोणता आणि ठोकळा कोणता हे कळतं. त्याला अचानक दृष्टी आली तर हात न लावता ओळखेल का? सव्वातीनशे वर्षं वाद चालला. उत्तर मिळालं आपल्या दिल्लीत. डॉ. पवन सिन्हा यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' या नावाने जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया करवून त्यांना दृष्टी देण्याचं काम सुरू केलं. त्यातल्या ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास २०११ साली छापून आला. हाताने चाचपलेला आकार त्यांना लगेच डोळ्यांनी ओळखता येईना. थोड्याच दिवसांत मात्र येऊ लागला. म्हणजे मनाला पाहायला शिकावं लागतं.

आणि ते शिकायचं खरं वय बालपण. म्हणून आयाबायांनो, हात जोडून सांगतो. तान्ह्या बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं, किंवा बाळ दिव्याकडे नजर लावत नसेल, तर 'मोठा झाला की होईल बरा' म्हणून थांबू नका. अंगारा लावा, देवाला नारळ ठेवा, पण त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मोतीबिंदू पुढेही काढता येतो, पण मनाचं शिकायचं वय परत आणता येत नाही.

आता उलट बाजू ऐका. डोळा कधी उघडलाच नाही तर? विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या माधान गावचे संत गुलाबराव महाराज. जन्म १८८१. वर्षाचे व्हायच्या आतच त्यांची दृष्टी गेली. कुणबी शेतकऱ्याचं घर. अक्षर कधी डोळ्याने पाहिलं नाही. दुसऱ्यांनी वाचून दाखवावं, महाराजांनी कानांनी प्यावं. वेदान्त ऐकला, ज्ञानेश्वरी ऐकली, परदेशातले डार्विन आणि स्पेन्सर काय म्हणतात तेही ऐकलं आणि त्यांना उत्तर दिलं. १९०१ साली आळंदीला ज्ञानोबारायांनी त्यांना अनुग्रह दिला, अशी संप्रदायाची श्रद्धा. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. १९१५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, देह ठेवला. तेवढ्यात शंभराहून अधिक ग्रंथ! लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात.

श्रोतेहो, मघाचा अंगठा आठवा. रिकामी जागा मन आजूबाजूच्या गोष्टींनी भरतं. महाराजांच्या डोळ्यांची तर सगळीच जागा रिकामी होती, आणि आजूबाजूला होते ज्ञानोबा. मग आत काय भरणार? ज्ञानोबाच भरले! आपल्याकडे डोळे दोन-दोन, पण आजूबाजूला आपण काय ठेवलंय? सत्संग सत्संग म्हणून संत कळवळून सांगतात, ते यासाठी. आपलं न्यून भरून निघणारच आहे. कशाने भरायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

म्हणून उद्यापासून दोन गोष्टी करा. कुणाबद्दल वाईट दिसलं, तर स्वतःला एकदा विचारा, हे दिसलं की भरलं? आणि घरात सांगून ठेवा, माझ्यामागे माझे डोळे द्या. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावं लागतं. पाहणारा निघून गेला की मागे उरलेली ती खिडकी दुसऱ्या कुणाला तरी उजेड देईल.

आणि सावळा रंग? तो पेटीत मिळायचा नाही. डोळ्याने पाषाण पाहिला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामाने तो आत सावळा झाला. हात वर करा, डोळे मिटा, आणि बघा दिसतो का. विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल! (गजर व आरती)